दुसऱ्याचे पॉइंट, आपला जीपीएस : चूक नेमकी कोणाची?



सेकंड इयरच्या सर्व्हेइंगमध्ये आपण काय करतो? उन्हात टेपचं टोक धरून उभं राहतो आणि रात्री हॉस्टेलवर येऊन क्लोजिंग एरर ‘जुळवतो’. सगळे पॉइंट आपलेच असल्यामुळे तिथे भांडण नसतं. साइटवर मात्र बहुतेक वेळा आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलेलं असतं. त्याने सिमेंटचे पिलर गाडलेले असतात, त्यावर खिळा ठोकलेला असतो आणि ऑफिसातून आपल्या हातात एक यादी पडते : पॉइंट नंबर, नॉर्दिंग, ईस्टिंग, लेव्हल. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? आणि तपासायचं ठरवलं तर कसं? या लेखाचा विषय तोच आहे. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये. दुसऱ्याने केलेलं काम न्यायाने कसं तपासायचं, हा प्रश्न तुमच्याही नशिबात लिहिलेला आहेच.

प्रकरण काय होतं

सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी मी मालेगाव तालुक्यात एका रस्त्याच्या कामावर होतो. साधारण ६ किलोमीटरचं रुंदीकरण आणि मध्ये नाल्यावर एक छोटा पूल. कंट्रोल पॉइंट आधीच बसवलेले होते. ते बसवले होते मालेगावातल्याच एका जुन्या सर्व्हेअरनी. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काकांनी टोटल स्टेशनवर ट्रॅव्हर्स केला होता. सुरुवातीच्या पॉइंटला ५०००, ५००० असे सोयीचे आकडे दिले होते आणि उत्तर दिशा प्रिझमॅटिक कंपासने धरली होती. छोट्या कामावर अशी पद्धत सर्रास चालते.

पुढे कामावर जीपीएसचा संच आला, एक बेस आणि एक रोव्हर. ऑफिसातल्या मंडळींनी काकांचे पाच पिलर मोजून यूटीएम को-ऑर्डिनेट काढले आणि पिलर ते पिलर अंतरं यादीशी ताडून पाहिली. तो तक्ता असा होता :

सीपी-१ ते सीपी-२ : यादीत ८४२.३१६ मीटर, जीपीएसने ८४१.९५०, फरक ३६.६ सेंमी
सीपी-२ ते सीपी-३ : यादीत ११२६.५४०, जीपीएसने ११२६.०६१, फरक ४७.९ सेंमी
सीपी-३ ते सीपी-४ : यादीत ९५४.२०८, जीपीएसने ९५३.६७८, फरक ५३.० सेंमी
सीपी-४ ते सीपी-५ : यादीत १०७८.६५५, जीपीएसने १०७८.३११, फरक ३४.४ सेंमी

झालं! “चारही अंतरं चुकीची, अर्धा-अर्धा मीटर फरक, काकांचं काम गेलं,” असा निकाल चहा संपायच्या आत लागला. काकांचं बिल थांबवायचं आणि सगळा कंट्रोल नव्याने करायचा, असंही ठरत आलं. उपग्रहावरून येणारा आकडा खोटा कसा असेल, हा त्यामागचा युक्तिवाद.

आकडा खोटा नव्हताच. पण काकांचाही खोटा नव्हता. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते.

जमीन गोल, कागद सपाट

काकांचं टोटल स्टेशन जमिनीवरचं आडवं अंतर देतं. जीपीएसच्या कंट्रोलरमध्ये दिसणारं यूटीएम अंतर हे नकाशाच्या कागदावरचं अंतर असतं. या दोन्हींत फरक पडायची कारणं दोन.

पहिलं कारण प्रोजेक्शन. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची तर कुठे ना कुठे ताण पडणारच. यूटीएममध्ये ६ अंश रुंदीचे पट्टे असतात. मालेगाव ४३ नंबरच्या पट्ट्यात येतं, म्हणजे ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश. या पट्ट्याची मधली रेषा ७५ अंशावर आहे आणि त्या रेषेवर स्केल मुद्दाम ०.९९९६ धरलेलं असतं. मधून दोन्ही बाजूंना जावं तसं ते वाढत जातं आणि साधारण १८० किलोमीटरवर १ होतं. मालेगावचा रेखांश साधारण ७४.५३, म्हणजे मधल्या रेषेपासून ते सुमारे ४९ किलोमीटर पश्चिमेला. सूत्रात घातलं की स्केल येतं ०.९९९६३. जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर ३७ सेंटिमीटरने आखूड.

दुसरं कारण उंची. यूटीएमचा हिशोब इलिप्सॉइडच्या, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकाराच्या, पृष्ठभागावर चालतो आणि आपण उभे असतो त्याच्या वर. मालेगाव समुद्रसपाटीपासून साधारण ४४० मीटर उंच आहे. या भागात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग इलिप्सॉइडच्या साठेक मीटर खाली आहे, म्हणून इलिप्सॉइडपासूनची उंची ३८० मीटरच्या आसपास भरते. पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६३,७८,००० मीटरने, भागलं की किलोमीटरला आणखी ६ सेंटिमीटर कमी.

३७ आणि ६ मिळून ४३. म्हणजे मालेगावात कोणीही, कितीही चांगल्या टोटल स्टेशनने मोजलं, तरी जमिनीवरचं अंतर आणि यूटीएम अंतर यांत किलोमीटरला ४३ सेंटिमीटर फरक दिसलाच पाहिजे. दिसला नाही तर शंका घ्यावी! आता तक्त्यातली पहिली दोन अंतरं पाहा. ३६.६ ला ८४२ मीटरने आणि ४७.९ ला ११२७ मीटरने भागलं की किलोमीटरला ४३.५ आणि ४२.५ सेंटिमीटर येतात. सीपी-१ ते सीपी-५ पर्यंतचा सगळा फरक धरला तर ४३.०. काकांचा ट्रॅव्हर्स उत्तम होता.

हा ४३ चा आकडा पाठ करून ठेवू नका. आपल्याच जिल्ह्यात पेठकडे गेलात तर मधल्या रेषेपासून दीडशे किलोमीटरवर पोचता आणि प्रोजेक्शनचा घाटा किलोमीटरला फक्त १० सेंटिमीटरच्या आसपास राहतो. प्रत्येक साइटचा आकडा वेगळा, तो आधी कागदावर काढायचा आणि मग पिलरकडे जायचं.

एकाने उन्हाचा तर्क काढला. मालेगावात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा टोटल स्टेशनचं अंतर चुकलं असेल, असा. तापमानाचा परिणाम होतो हे खरं, पण तो अंशाला साधारण १ पीपीएम, म्हणजे किलोमीटरला १ मिलिमीटर. हवेचा दाब धरूनही सगळं दुरुस्तीविना सोडलं तर ४ सेंटिमीटर होतील. ४३ होणार नाहीत.

फरकाची चाल ओळखा

चूक शोधताना फरक ‘किती’ यापेक्षा तो ‘कसा’ वागतो ते बघावं. तीन चाली लक्षात ठेवा.

अंतर वाढेल तसा फरक वाढला तर तो स्केलचा मामला : प्रोजेक्शन, उंची, किंवा तापमान-दाबाची दुरुस्ती.

अंतर २०० मीटर असो की १२०० मीटर, फरक तेवढाच राहिला तर प्रिझम कॉन्स्टंट तपासा. ३० मिलिमीटरचा प्रिझम शून्याचा समजून लावला की असं होतं.

आणि एका अंतरात फरक जास्त, लगेच पुढच्यात तेवढाच कमी, असं दिसलं तर दोन्हींच्या मधला पॉइंट संशयित.

आपल्या तक्त्यात तिसरी चालही आहे. किलोमीटरला ४३ च्या हिशोबाने सीपी-३ ते ४ मध्ये ४१.० सेंटिमीटर फरक हवा होता, आला ५३.०, १२ जास्त. सीपी-४ ते ५ मध्ये ४६.४ हवा होता, आला ३४.४, १२ कमी. म्हणजे सीपी-४ हा पिलर यादीतल्या जागेपेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर सीपी-३ कडे सरकलेला आहे.

मग लोकलायझेशन कशाला?

अंतरं ताडून इतकं कळतं, तर लोकलायझेशनची गरज काय? कारण शेवटी रोव्हर घेऊन आखणी करायची ती काकांच्या ५०००-५००० च्या जगात, ड्रॉइंग त्यातच आहे. जीपीएसचं जग आणि काकांचं जग यांची सोयरीक जुळवणं म्हणजे लोकलायझेशन. काही कंपन्यांच्या कंट्रोलरमध्ये याला साइट कॅलिब्रेशन म्हणतात.

आडव्या बाजूला यात चारच गोष्टी निघतात : पूर्वेकडे किती सरकवायचं, उत्तरेकडे किती सरकवायचं, किती फिरवायचं आणि किती पटीने ताणायचं. सरकवण्याचे आकडे लाखांत येतात, त्याला घाबरायचं कारण नाही, कारण ५००० हा आकडा मनाचाच होता. फिरवण्याचा कोनही निरुपद्रवी. काकांची उत्तर कंपासची, यूटीएमची उत्तर ग्रिडची. मालेगावात ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यांतच १० मिनिटांचा कोन आहे, आणि १० मिनिटं म्हणजे एका किलोमीटरवर २.९ मीटर. कंपास अर्ध्या अंशाने चुकला तरी ट्रॅव्हर्सचा आकार बिघडत नाही. तो सगळाच्या सगळा फिरतो, इतकंच.

तपासणीच्या दृष्टीने बोलकी गोष्ट म्हणजे स्केल, आणि त्यानंतर प्रत्येक पॉइंटवर उरणारा फरक, म्हणजे रेसिड्युअल. आपण कागदावर काढलेलं स्केल १.०००४३ होतं. कंट्रोलरनेही त्याच्या आसपास दिलं तर समजायचं की दोन्ही सर्व्हे एकमेकांना ओळखतात.

दोन पॉइंटवर कोणीच नापास होत नाही

इथे एक मोठा खड्डा आहे. चार अज्ञात गोष्टी आणि एका पॉइंटमागे दोन आकडे, म्हणजे दोन पॉइंट दिले की गणित बरोबर सुटतं आणि रेसिड्युअल शून्य येतो. स्क्रीनवर ०.००० पाहून गडी खूश! पण तिथे तपासणी झालेलीच नसते. दोन पॉइंटपैकी एक मीटरभर सरकलेला असला तरी यंत्र स्केल ताणून तो जुळवून घेतं. दोनच पॉइंट असतील तर निदान स्केल आपल्या हिशोबाशी ताडून बघावं. किमान चार पॉइंट घ्यावेत आणि ते सगळ्या साइटभर पसरलेले असावेत.

पाचही पॉइंट घेऊन लोकलायझेशन केलं तेव्हा स्केल आलं १.०००४४ आणि रेसिड्युअल साधारण असे : सीपी-४ ला साडेआठ सेंटिमीटर, सीपी-५ ला पाच, सीपी-३ ला अडीच, बाकी दोन्हींना एकच्या आत-बाहेर. हे पाहून कोणी म्हणेल की तीन पॉइंट खराब आहेत. तसं नाही. लीस्ट स्क्वेअरची पद्धत मेसच्या बिलासारखी असते : एकाने जास्त खाल्लं तरी भार सगळ्यांवर थोडा-थोडा वाटला जातो. सीपी-४ च्या १२ सेंटिमीटरपैकी साडेआठ त्याच्यावर राहिले आणि उरलेल्याचा भुर्दंड शेजाऱ्यांना बसला.

म्हणून युक्ती अशी, की एकेक पॉइंट बाहेर ठेवून उरलेल्या चारांवर लोकलायझेशन करायचं. सीपी-५ बाहेर ठेवला तरी रेसिड्युअल नीट होईनात. सीपी-४ बाहेर ठेवताच चारही पॉइंट सेंटिमीटरच्या आसपास बसले, स्केल १.०००४३ झालं, आणि बाहेरचा सीपी-४ बारा सेंटिमीटरने उघडा पडला. गुन्हेगार एकटा असला तरच ही पद्धत इतकी स्वच्छ चालते. दोन असतील तर जास्त पॉइंट लागतात.

जीपीएसची साक्षही तपासा

दुसऱ्याला चूक म्हणण्याआधी आपला साक्षीदार किती खरा, तेही बघावं. चांगल्या आरटीके रोव्हरची आडवी अचूकता १ ते २ सेंटिमीटर असते, पण आकाश मोकळं असेल तर. बाभळीखाली, उंच भिंतीजवळ किंवा मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांशेजारी सिग्नल आपटून येतो आणि यंत्र ‘फिक्स्ड’ दाखवूनही आकडा हलतो. म्हणून प्रत्येक पिलर दोनदा मोजला गेला. मधे दोन-तीन तास जाऊ दिले, कारण तेवढ्यात उपग्रहांची मांडणी बदलते. दुसऱ्या वेळी रोव्हर नव्याने इनिशियलाइझ केला आणि पोल बायपॉडवर घेऊन बुडबुडा बघितला.

शेवटी सगळ्यात साधी तपासणी. टोटल स्टेशन सीपी-३ वर लावलं आणि सीपी-४ चं अंतर जमिनीवर मोजलं : ९५४.०८७. यादीत ९५४.२०८. आता उपग्रह नाही, प्रोजेक्शन नाही, काकांच्याच पद्धतीने १२ सेंटिमीटर कमी. म्हणजे जिथे पिलर आज आहे, तिथे तो यादी लिहिताना नव्हता, किंवा यादीच चुकली.

निकाल जमिनीनेच दिला. पिलरच्या एका अंगाला माती भुसभुशीत होती आणि सिमेंटला तडा होता. शेजारच्या शेतकरीदादांना विचारलं तर ते सहज म्हणाले, “तो खुंटा ना? पाइपलाइन टाकताना जेसीबीनं हलवेल आहे, भाऊ.” काकांनी फील्डबुकात जवळच्या मोरीच्या कठड्यावरच्या दोन खुणांपासून सीपी-४ ची अंतरं लिहून ठेवली होती. त्यावरून जुनी जागा काढली, आणि ती यादीशी सेंटिमीटरभरात जुळली. काकांची यादी बरोबर होती. पिलर नव्याने बसवला. बिलही सुटलं.

उंचीचं गणित वेगळं

लेव्हलच्या बाबतीत जीपीएसवर कमी विसंबावं. आडव्यापेक्षा उभी अचूकता साधारण दुपटीने वाईट असते. शिवाय जीपीएस इलिप्सॉइडपासूनची उंची देतो आणि पाणी वाहतं ते समुद्रसपाटीच्या उताराने. लोकलायझेशन या दोन पृष्ठभागांमधला फरक एका तिरक्या पाटीसारखा धरतं. पाटी टेकवायला तीन पाय पुरतात, म्हणून तीन बेंचमार्कवर ती नेहमीच बरोबर बसते आणि चूक कळत नाही. त्यातून रस्त्याच्या कामात सगळे पॉइंट एका रांगेत, मग पाटी आडवी कलंडली तरी पत्ता लागत नाही. पुलाच्या लेव्हल ऑटो लेव्हलनेच तपासाव्यात. पुस्तकातली १२√के मिलिमीटरची मर्यादा ४ किलोमीटरला २४ मिलिमीटर देते. तेवढी शिस्त लूपने पाळता येते.

एवढा काथ्याकूट कशासाठी?

१२ सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही, असं वाटेल. पण शंभर मीटर लांबीच्या बांधावर १२ सेंटिमीटर म्हणजे १२ चौरस मीटर, आणि गुंठा असतो १०१ चौरस मीटरचा. आपल्याकडे मोजणी पूर्वी ३३ फुटी, १६ आण्यांच्या साखळीने होत असे आणि ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. बांधावरून भाऊबंद कोर्टात जातात ते याहून थोड्या जमिनीसाठीही.

स्केलचंही तसंच. भूसंपादनाचं क्षेत्रफळ यूटीएममध्ये काढून तसंच कागदावर लिहिलं तर मालेगावात हेक्टरमागे साडेआठ चौरस मीटर कमी भरतात. ३० मीटरचा पुलाचा गाळा कच्च्या यूटीएम आकड्यांनी आखला तर जमिनीवर तो १३ मिलिमीटर जास्त लांब होतो, आणि गर्डर मात्र कास्टिंग यार्डात खऱ्या ३० मीटरचा ओतलेला असतो. चार गाळ्यांत हे पाच सेंटिमीटर होतात.

दुसऱ्याचं काम ताडून बघण्याची रीत जुनीच आहे. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ बेसलाइन मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. आपल्या सीमेलगतच्या बीदरजवळ त्याने १८१५ मध्ये एक बेसलाइन मोजली. नंतर एव्हरेस्टच्या काळात, १८४१ मध्ये, वॉने ती पुन्हा मोजली. मधल्या शेकडो मैलांच्या त्रिकोणांवरून काढलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत काही इंचांचाच फरक निघाला. लक्षात घ्या, ती लांबी आधी गणितात वापरली नव्हती. साक्षीदार म्हणून बाजूला ठेवली होती. सीपी-४ बाहेर ठेवणं ही त्याचीच छोटी आवृत्ती.

आज सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनांमुळे बेस न लावताही सेंटिमीटरची अचूकता मिळू शकते आणि २०२० च्या स्वामित्व योजनेपासून गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली. यंत्रं सुधारली म्हणून ग्रिड आणि जमीन यांतला फरक मात्र मिटत नाही.

खिशात ठेवायची चिठ्ठी

१. यादी मिळाली की आधी विचारा : हे आकडे जमिनीचे की ग्रिडचे? डेटम कोणता? जुने नकाशे एव्हरेस्ट इलिप्सॉइडवर असतात. ते डब्ल्यूजीएस-८४ समजून वापरले तर आपल्या भागात शंभरएक मीटरची गफलत होते.
२. साइटचं स्केल स्वतः काढा.
३. लोकलायझेशनच्या आधी अंतरं ताडा आणि फरकाची चाल बघा.
४. चार-पाच पॉइंट घ्या, एकेक बाहेर ठेवून पाहा. रेसिड्युअल कमी करायचा म्हणून नावडता पॉइंट गुपचूप वगळू नका. वगळला तर कारण लिहा.
५. संशयित पॉइंट टोटल स्टेशनने जमिनीवर तपासा, पिलरची तब्येत आणि संदर्भखुणा बघा.
६. ज्याने पॉइंट दिले त्याला फोन करा. हे सगळ्यात आधी केलं तरी चालेल!

मित्रांनो, यंत्र फरक दाखवतं. तो कोणाचा, हे ते सांगत नाही. ते शोधायला अर्धा दिवस आणि एक कॅल्क्युलेटर लागतो. कोणाच्या तरी आयुष्यभराच्या कामावर शेरा मारण्याआधी तेवढा वेळ आपल्याला द्यायलाच हवा. आणि हो, यंदाच्या सर्व्हे कॅम्पला क्लोजिंग एरर ‘जुळवण्याआधी’ फरकाची चाल एकदा बघा. कदाचित आपल्याच बॅचमध्ये एखादा सीपी-४ सापडेल!